सणाचे रंग आणि रोजचे रंग

आपण सीमाभागातली मराठी माणसे वर्षातून एकदा करायच्या गोष्टी फार चांगल्या करतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांतून दरसाल साहित्य संमेलने भरतात. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गणपतीत देखावे उभे राहतात, दिवाळीत पोरे मातीचे किल्ले रचतात, आणि घरोघर असा एखादा दिवाळी अंक येऊन पडतो. याचा अभिमान वाटावा, वाटतोही. परंतु वर्षातून एकदा केलेल्या गोष्टींवर कोणतीही कला आजवर जगलेली नाही. कला जगते ती रोज, मुकाट्याने, कोणी टाळ्या वाजवत नसताना केलेल्या कामावर. आणि या रोजच्या कामाच्या बाबतीत आपली घरे, स्पष्टच लिहितो, कद्रू आहेत.

हा आरोप मी तैलरंगांच्या संदर्भात करतो आहे. तैलचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिवाणखान्यातली सोनेरी चौकट, एखाद्या संस्थानिकाचा फेटा, नाहीतर हार घातलेला आजोबांचा चेहरा येतो. म्हणजे एकतर ते श्रीमंतांचे, नाहीतर मेलेल्यांचे! कोणी तंबोरा लावून बसतो तसे रोज सकाळी तासभर बसून रंगवायची ती गोष्ट आहे, हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : तैलरंग ही रोजची कला आहे, ती सणावारी होत नाही, आणि ती रोज होणार की नाही हे चित्रकाराच्या प्रतिभेवर कमी आणि त्याच्या घरच्या माणसांवर जास्त अवलंबून असते. म्हणून हा लेख चित्रकारांसाठी नाही. तो त्यांच्या आईबापांसाठी, सासूसासऱ्यांसाठी, नवऱ्याबायकांसाठी आहे.

गळ्याची गोष्ट घ्या. कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. घरातल्या पोरीने पहाटे खर्ज लावला तर शेजारीही तक्रार करत नाहीत. उलट ‘रियाज चाललाय, हळू बोला’ असे आजी दटावते. त्याच घरातल्या पोराने सकाळी खिडकीपाशी पाट मांडून रंगाच्या नळ्या उघडल्या की तीच आजी विचारते, ‘का रे, आज शाळेत स्पर्धा आहे काय?’ म्हणजे गाणाऱ्याने मैफल नसतानाही गावे, आणि रंगवणाऱ्याने मात्र निमित्त दाखवावे. गळ्याला रियाज लागतो आणि हाताला लागत नाही, हे शरीरशास्त्र कुठले?

यावर पहिला बचाव ठरलेला. ‘चित्राला मूड लागतो हो! ते काय दळण आहे, रोज दळायला?’ हे म्हणणारे गृहस्थ रोज सकाळी स्वतःच्याच उंबऱ्यावरची रांगोळी ओलांडून कामाला जातात. ती रांगोळी काढणाऱ्या बाईला कोणी कधी मूड विचारला? पावसाळी ओल असो, अंगात कसर असो, सडा पडला की चार ठिपके आणि चार रेषा पडतातच. संध्याकाळपर्यंत त्या पुसल्या जातात. उद्या पुन्हा पडतात. त्यांचे प्रदर्शन भरत नाही, त्यांना बक्षीस नाही, त्या जपून ठेवत नाहीत. आणि म्हणूनच साठी उलटलेल्या बाईच्या चिमटीतून सुटणारी रेघ अशी सरळ येते, की कलाशाळेतल्या पोराने पट्टी धरून तिच्याकडे पाहत राहावे. रोजच्या चित्राभ्यासाची परंपरा आपल्या उंबऱ्यावर शतकानुशतके आहे. तिला उंबऱ्याच्या आत यायला मात्र आपण बंदी केली आहे.

मोठ्या चित्रकारांची उदाहरणे काढली तरी हेच दिसते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्म्याला पौराणिक विषयांवरची चौदा तैलचित्रे सांगितली. दोनेक वर्षांत ती पुरी झाली. अशी चौदा मोठी चित्रे ‘मूड’ची वाट पाहत होत नसतात. त्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा याची रोजनिशी छापलेली आहे. ती चाळली तर दैवी साक्षात्काराऐवजी बैठका, प्रवास, गिऱ्हाइके आणि काम यांचीच गजबज दिसते. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या कलाशाळेतून ना. श्री. बेंद्रे तयार झाले आणि पुढे १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्यात त्यांनी चित्रकारांची पिढीच्या पिढी घडवली. यातला एकही माणूस रविवारचा चित्रकार नव्हता.

इतके लांब कशाला जायचे? बेळगावात जन्मलेले आणि इथल्या के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे २०२२ साली गेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘ब्रश मायलेज’. गाडी किती मैल धावली हे जसे मोजतात तसे ब्रश किती चालला हे मोजायचे. प्रतिभा, प्रेरणा, साधना असले भारदस्त शब्द हाताशी असताना या माणसाने मोटारवाल्यांचा शब्द उचलला! त्यातच सगळे आले. आपण बेळगावकर मात्र त्यांचे नाव सत्काराच्या भाषणात घेतो आणि घरातल्या ब्रशचे मायलेज दहावीच्या जूनमध्ये बंद पाडतो.

आता कोणी विचारील, रोजचाच आग्रह असेल तर पेन्सिल आहे, जलरंग आहेत, तैलरंगाचेच काय एवढे? तर याचे उत्तर त्या तेलात आहे. ट्यूबमधला रंग बहुधा जवसाच्या तेलात घोटलेला असतो; तेच जवस, ज्याची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर रोज ताटात येते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होत जाते. म्हणून जलरंग काही मिनिटांत वाळतो, आणि तैलरंगाचा थर हाताला न लागण्याइतका सुकायला दिवस लागतात. मातकट तपकिरी अंबर लवकर धरतो, काळा आणि कॅडमियमचे तांबडे-पिवळे रंग रेंगाळतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर सगळेच रेंगाळतात. आतपर्यंत पुरते वाळायला कित्येक महिने जातात.

याचा अर्थ काय? अर्थ असा, की आज पॅलेटवर काढलेला रंग उद्या सकाळी अजून ओला असतो. तो वाट पाहत असतो. काल ओढलेला गाल आज अजून हलवता येतो, काल चुकलेली सावली आज पुसता येते. पण आठ दिवस गेला नाहीत तर पॅलेटवर साय धरलेली असते, ब्रशचे केस काठीसारखे झालेले असतात, आणि पुन्हा नव्याने मांड मांडावी लागते. जलरंग तुमची गैरहजेरी माफ करतो, तैलरंग करत नाही. शिवाय त्याचा एक जुना नियम आहे : खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो आणि चित्राला भेगा जातात. हा हिशेब पुस्तकात दोन ओळींत वाचता येतो. हातात यायला मात्र रोज बसावे लागते.

आणि रोज बसून मिळते काय? हात सुधारतो हे खरे, पण ती दुय्यम गोष्ट. पहिल्यांदा सुधारतो तो डोळा. पितळेचा एक तांब्या खिडकीत ठेवा आणि वहीच्या आकाराच्या फळीवर दहा दिवस तोच रंगवा. पहिल्या दिवशी मुलगा तो पिवळा रंगवतो, कारण पितळ पिवळे हे त्याला पाठ आहे. तिसऱ्याचौथ्या दिवशी त्याच्या लक्षात येते, की तांब्याचा निम्मा भाग पिवळा नाहीच, हिरवट तपकिरी आहे. सहाव्या दिवशी त्याला पोटावर शेजारच्या तांबड्या वाकळेची छटा सापडते. आठव्या दिवशी कळते, की ज्याला तो चकाकता पांढरा ठिपका म्हणत होता तो खिडकीबाहेरच्या आभाळाचा निळसर तुकडा आहे. तांब्या तोच होता. पाहणारा बदलला. हे एका बैठकीत होत नाही, कितीही हुशार मास्तर असो.

इटलीतल्या बोलोन्या शहरात जॉर्जिओ मोरांदी (१८९०–१९६४) नावाच्या चित्रकाराने जवळजवळ सारे आयुष्य बाटल्या, बरण्या, डबे आणि वाट्या रंगवण्यात घालवले. अविवाहित बहिणींबरोबर तो राहत असे; निजायची खोली तीच रंगवायची खोली. कलाशाळेत शिकवायची नोकरीही होतीच. ‘आमच्याकडे जागा नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. एका खाटेच्या शेजारी जगातला एक मोठा चित्रकार मावला.

प्रतिपक्षाकडे एक हुकमाचे पान आहे, ते मी लपवणार नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) : जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे. हे वर्षाकाठी पाचसहाच चित्रे करीत. तरी त्यांच्या चित्रांना आज कोट्यवधी रुपये मोजले जातात. ‘मग रोज रंगवण्याचा हट्ट कशाला?’ असे मला विचारले जाते. उत्तर सोपे आहे. गायतोंडे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकले, रेखाटनाची तयारी केली, आणि मग कॅनव्हासवर कमी बोलू लागले. कमी चित्रे म्हणजे कमी काम नव्हे. जो माणूस दिवसेंदिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून विचार करतो, तो कामावरच आहे. रोजचे बसणे सुटले आणि चित्रेही झाली, असे ज्याचे उदाहरण असेल ते दाखवा. गायतोंड्यांचा दाखला देऊन टीव्हीसमोर बसणारे पुष्कळ पाहिले.

राहिल्या घरगुती तक्रारी. त्या खऱ्या आहेत, म्हणून त्यांना खरी उत्तरे दिली पाहिजेत. पहिली, वासाची. तो उग्र वास रंगाचा नसतो, टर्पेंटाइनचा असतो. रोजच्या छोट्या कामाला टर्पेंटाइनवाचून भागते. ब्रश आधी चिंधीला कोरडा पुसावा, स्वयंपाकघरातल्या करडईच्या तेलात खळबळावा, आणि मग साबणाने धुवावा. दुसरी, खर्चाची. सहा नळ्या पुरतात : टायटॅनियमचा पांढरा, पिवडीसारखा यलो ऑकर, एक तांबडा, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर. सहा इंच बाय आठ इंचाच्या फळीला प्रत्येकी हरभऱ्याएवढा रंग लागतो. कॅनव्हासही नको, हार्डबोर्डाच्या तुकड्याला प्रायमरचे दोन हात दिले की झाले. उरलेला रंग ताटलीत पाण्याखाली बुडवून ठेवला तर हवा लागत नाही आणि तो आणखी टिकतो. तिसरी, सुरक्षेची. शिसे असलेला जुना फ्लेक व्हाइट घरात आणू नये, रंगाच्या हाताने खाऊ नये, आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कोंबू नयेत. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात टाकाव्यात. बस्स. ज्या घरात चूल, गॅस आणि फटाके सांभाळले जातात त्या घराला एवढे जड नाही.

खरी तक्रार यातली एकही नसते. खरा प्रश्न असतो तो ‘पुढे काय?’ हा. आणि इथे मला राग येतो. पोरगी आठवीपर्यंत रंगवते तेव्हा आपण तिला पंधरा ऑगस्टच्या, गणपतीच्या, बालदिनाच्या चित्रकला स्पर्धांना हौसेने नेतो. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात, त्यामुळे तिथल्या पालकांची हौस गुणपत्रिकेपर्यंत तरी टिकते. आपल्याकडे दहावीचा जून उजाडला की रंगाची पेटी माळ्यावर जाते. ‘बारावी झाली की काढू.’ बारावीनंतर इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग लग्न. सासरी तर कोणी विचारतच नाही, सुनेच्या हातात पूर्वी काय होते. साठाव्या वर्षी नवरा निवृत्त होतो आणि हौस म्हणून क्लास लावतो. त्याचे कौतुक होते. तिची पेटी माळ्यावरच. नळ्यांची टोपणे एव्हाना घट्ट बसलेली असतात. दिवसाला एक तास, एवढ्याच हिशेबाने आपण त्या पोरीचे चाळीस वर्षांचे डोळे खर्चून टाकले, आणि बदल्यात काय मिळवले? दहावीला दोन टक्के? तेही मिळाले असतील तर!

‘पण विकते का?’ विकते कधीकधी. अमेरिकेत ड्युएन कायझर नावाच्या चित्रकाराने २००४ साली रोज एक पोस्टकार्डाएवढे तैलचित्र करून ते विकायला सुरुवात केली, आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. त्याला माझा विरोध नाही. पण विक्री हे रोजच्या बसण्याचे समर्थन म्हणून पुढे केले की विक्री थांबल्या दिवशी बसणेही थांबते. रोजची पूजा करणाऱ्याला ‘देव पगार किती देतो?’ असे कोणी विचारत नाही. व्यायाम करणाऱ्याला ‘कुस्ती कधी आहे?’ असेही विचारत नाहीत. मग रंगवणाऱ्यालाच हा जाब का?

आणि आता तर नवे निमित्त सापडले आहे. चार शब्द टाइप केले की यंत्र चित्र काढून देते, तेही ‘तैलरंगात’! मग कशाला हात बरबटायचे? मला या यंत्राचे भय वाटत नाही. आपल्या प्रश्नाचे वाटते. यंत्र चित्र देते. तांब्यातले आभाळ दिसण्यासाठी लागणारे दहा दिवस ते देत नाही. भाकरी दुकानात मिळते म्हणून कोणी भूक दुसऱ्याकडे सोपवलेली नाही. पाहणेसुद्धा दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आपल्यासारख्या दुभाषी भागात या एका तासाचे आणखी एक मोल आहे, आणि ते मला सर्वांत मोठे वाटते. आमची मुले शाळेत कन्नड बोलतात, कचेरीत इंग्रजी, दोस्तांत तिन्हींची मिसळ. यात वावगे काही नाही. शेजारच्या कन्नड घरात पिवळ्याला ‘हळदी’ म्हणतात, यापेक्षा सुंदर शब्द कुठला? पण मराठी रंगांची नावे मात्र आपल्या घरातून एकेक करून उठून चालली आहेत. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, पोपटी, राखाडी, गव्हाळ. शहापूरच्या मागावर विणलेले लुगडे निवडताना आपल्या आज्यांना हे सगळे शब्द लागत. आम्हांला दुकानात ‘पर्पल’ आणि ‘डार्क पिंक’ एवढ्यावर भागते. शब्द जतन करा म्हणून ठराव करता येतो. पण शब्द ठरावाने राहत नाही, त्याची गरज पडावी लागते. खिडकीपाशी बसलेल्या मुलीला आई सांगते, ‘अगं, तो पदर जांभळा नाही, आमसुली आहे, त्यात थोडा तांबडा घाल,’ तेव्हा तो शब्द कामाला लागतो. कामाला लागलेला शब्द मरत नाही. भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरतो ते योग्यच आहे. परंतु रस्त्यावरून घरी आल्यावर त्या भाषेत करायला रोजचे काही काम नको काय?

कोणी म्हणेल, हा सगळा उपद्व्याप करून आमची पोरे काय रविवर्मे होणार आहेत? नाही होणार. रोज पहाटे गाणारे सगळे कुमार गंधर्व झाले नाहीत. पण त्या असंख्य अनामिक गळ्यांमुळे या मुलखाला ऐकणारे कान मिळाले, आणि कान होते म्हणून मोठे गाणे इथे उभे राहिले. चित्राला तसे डोळे हवेत. ते प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फीत कापून तयार होत नाहीत. घराघरांतल्या खिडक्यांपाशी, फसलेल्या तांब्यांच्या ढिगातून ते तयार होतात.

माझी मागणी फार मोठी नाही. कलादालन नको, अनुदान नको, स्पर्धा तर मुळीच नको. घरातल्या ज्या कोणाच्या हातात रंग आहे त्याला, आणि विशेषतः तिला, एक खिडकी द्या. रोजचा ठरलेला एक तास द्या. त्या तासात हाक मारू नका, ‘जरा गॅस बंद कर’ म्हणू नका, आणि चित्र झाल्यावर ‘कोणाचं आहे हे?’ असे विचारू नका. चांगले झाले नाही तर नाही झाले. उद्या पुन्हा आहे. पावसाळ्यात ओले राहिले तर भिंतीला तोंड करून उभे करा. परीक्षेच्या दिवसांत तासाचा अर्धा तास करा, पण मोडू नका.

भाऊबीज झाली की आपण आकाशकंदील उतरवतो, किल्ल्यावरचे मावळे खोक्यात भरतो आणि माळ्यावर टाकतो. टाकायला माळ्यावर चढाल तेव्हा मागच्या बाजूला हात घालून पाहा. रंगाची एक पेटी बहुतेक घरांत सापडेल. ती खाली घेऊन या. घट्ट बसलेली टोपणे कोमट पाण्यात धरली की सुटतात.